रांजण गप्प होईपर्यंत

एका राज्यात कोणालाच कोणाच्या घरी जाता येत नसे.

दारे सताड उघडी असत. कुलपे गंजून गेली होती, कारण चोरालाही आत शिरता येत नव्हते, आणि तिथले चोर नाइलाजाने दोर वळून पोट भरत होते. ज्याचे घर, त्यानेच उंबरा ओलांडावा. दुसऱ्या कोणी पाय उचलला, तर तो उंबऱ्यावर हवेतच अडे. वस्तू पलीकडे जात, माणूस जात नसे. लोक ताटे उंबऱ्यावरून सरकवत, अंगणात बसून सुखदुःख बोलत, आणि पावसाची सर आली की ज्याचा तो घरात पळे.

राजाचीही सुटका नव्हती. सात वर्षांपूर्वी त्याचे लग्न झाले. नवी राणी वाड्याच्या दारी आली, उंबऱ्यावर तांदळाने भरलेले माप ठेवले होते, तिने उजवा पाय उचलला आणि तो तसाच अडला. तेव्हापासून राणी वाड्यासमोरच्या चौकात तंबू ठोकून राहत होती. राजा दाराच्या आत, राणी दाराबाहेर, आणि मध्ये सारीपाट मांडलेला. माप तिथेच उभे होते. दर दिवाळीला सेवक त्यातले किडके तांदूळ काढून नवे भरत.

हे सारे धूमकेश नावाच्या मांत्रिकाच्या शापाने झाले, हे राज्यातले शेंबडे पोरही सांगे. पण शाप का लागला, ते एकाच बाईला ठाऊक होते, आणि ती सात वर्षे तोंड मिटून बसली होती.

तिचे नाव सोयरा. गावाच्या टोकाला तिचे घर होते. मध, पाणी आणि धायटीची लाल फुले रांजणात मुरवून ती मध्वासव करी. लग्नकार्यात तेच आसव लागे, आणि त्याचा पहिला पेला दारी आलेल्या अनोळखी पाहुण्याला द्यावा अशी तिथली रीत होती. हे काम सोयरा आईकडून शिकली होती. नवरा केव्हाच देवाघरी गेला होता. एक मुलगी होती, गजरा. राजाच्या लग्नाआधी आठ दिवस गजराचे लग्न झाले, आणि ती नदीपलीकडे माळ्याच्या घरी नांदायला गेली.

घर एकाएकी मोठे झाले. सोयराला दोन भाकरींचे पीठ मळायची सवय. दुसरी भाकरी रोज उरू लागली. बोलायला कोणी नव्हते, पण राजाच्या लग्नासाठी घातलेला रांजण मात्र कोपऱ्यात बोलत होता. आसव मुरताना बोलते. चुरचुरते, बुडबुडते, मध्येच मोठा श्वास सोडते. सोयरा म्हणे, "आज भाजी खारट झाली." रांजण म्हणे, "बुडुक." ती म्हणे, "गजरा काय करत असेल?" रांजण म्हणे, "बुडुक." उत्तर म्हणून ते काही फार नव्हते, पण तिला तेवढे पुरे होते.

मग रांजण मंदावू लागला. आसव मधातला गोडवा खाते, आणि गोडवा संपला की गप्प होते. तेव्हा त्याला हात लावू नये, निवळू द्यावे. आईने हेच तर शिकवले होते. पण सोयराच्याने ते घर गप्प झालेले सोसवेना. तिने पळीभर मध आत सोडला. रांजण पुन्हा बोलू लागला. दुसऱ्या दिवशी आणखी पळीभर, तिसऱ्या दिवशी आणखी. लग्नाच्या दिवशी राजाची माणसे न्यायला आली, तेव्हाही रांजण बडबडतच होता.

त्या लग्नात अनोळखी पाहुणा म्हणून आला तो धूमकेश. त्याने पेला तोंडाला लावला, अर्धा घेतला, आणि उरलेला वाड्याच्या उंबऱ्यावर ओतून टाकला.

"हे मुरलेले नाही," तो म्हणाला. "याला कोणीतरी धरून ठेवले आहे. ज्या घराला सोडता येत नाही, त्या घरात कोणी येणारही नाही. पेला राजाच्या नावाने दिलात, म्हणून शापही राजाच्या राज्याला."

आणि राणीचा पाय अडला.

त्या बोलण्याचा अर्थ सोयराखेरीज कोणाला उमगला नाही. लोकांनी मांत्रिकाला शिव्या घातल्या, राजाच्या पत्रिकेला दोष दिला, भटजींच्या मुहूर्ताला नावे ठेवली. सोयराला कोणी काही म्हणाले नाही. तिने रांजण पालथा घातला, आणि पुन्हा आसव केले नाही.

सात वर्षे गेली. आठव्या श्रावणात गजरा आईच्या अंगणात येऊन बसली. येई तेव्हा ती तुळशीपाशी बसे आणि सोयरा उंबऱ्याच्या आत. आज गजरा पदराशी चाळा करत राहिली.

"आई, चौथा महिना लागलाय."

सोयराचे डोळे भरले. सात वर्षे वाट पाहून हे शब्द कानी पडले होते.

"आई, माझं बाळंतपण कुठे गं?"

पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत त्या राज्यातही होती; शापापुढे रीत पांगळी झाली होती. सुईणीलाही परक्या घरात पाऊल ठेवता येत नव्हते. मागल्या वर्षी कुंभाराची सून आत एकटी अडली, सुईण अंगणातून ओरडून सांगत राहिली, आणि मूल हाती लागले नाही. गजराची सासू हयात नव्हती. हे सगळे दोघींना माहीत होते.

"सातव्यात ये," सोयरा म्हणाली. "याच घरात. आत."

"आत कशी येऊ?"

"ते माझ्याकडे लागलं."

गजरा गेल्यावर सोयराने पायांत वहाणा घातल्या आणि राज्याच्या सीमेची वाट धरली. तिथे चार खांबांच्या मंडपात धूमकेश राहत होता. त्या मंडपाला भिंत नव्हती आणि उंबराही नव्हता.

"महाराज, तो रांजण मी घातला होता," ती म्हणाली.

"जाणतो," धूमकेश म्हणाला. "तू केव्हा येतेस, एवढेच पाहत होतो."

"शाप कसा फिटेल?"

"तीन मध तुला भेटतील. एकच घे. त्याचे आसव कर. दिवाळीनंतरच्या पौर्णिमेला तुझ्या दारी येईन. गोडवा गेल्यावर ज्यात काही उरले असेल, असा पेला मला दे."

"आणि चुकले तर?"

"तर मी पुन्हा येणार नाही."

परतताना बाभळीच्या काटकीवर एक वेडा राघू बसला होता. हिरवा, बारीक चोचीचा, मधमाश्या खाऊन जगणारा. तो माणसासारखा बोलला.

"बाई, मधाच्या शोधात आहेस. राज्यातली सगळी मोहोळे मला ठाऊक आहेत."

"असणारच. तू माश्या खातोस."

"खातो. पण मातीच्या दरडीत माझे बीळ आहे, आणि बिळाचे दार हेही दारच. सात वर्षे माझी कारभारीण बाहेर फांदीवर भिजते आहे. वाट मी दाखवतो."

"मग माझे काम होईपर्यंत एकही माशी खायची नाही."

राघूने फार वेळ विचार केला. "मग खाऊ काय?"

"चतुर खा, नाकतोडे खा."

"बेचव असतात," राघू म्हणाला, पण कबूल झाला.

पहिला मध राजाच्या जुन्या बागेतल्या कोरड्या विहिरीत होता. पूर्वीच्या कोण्या राजाने तो सोन्याच्या हंड्यात साठवला होता, आणि हंड्याला वेटोळे घालून एक नाग बसला होता. विहिरीच्या काठावर पाचसात माणसे बोटे चोखत बसली होती. त्यांच्या दाढ्या मांडीपर्यंत वाढल्या होत्या.

"एक बोट चाट," नाग म्हणाला. "आवडला तर हंडा तुझा."

सोयराने पायऱ्या उतरून बोट हंड्यात बुडवले आणि जिभेवर ठेवले. असा गोडवा तिने जन्मात चाखला नव्हता. पाळण्यातल्या गजराचा वास आला, नवऱ्याची हाक आली, भरलेले घर आले. डोळ्यांतून पाणी वाहू लागले. पण आईने मध पारखायला शिकवले होते ते असे: जिभेवर ठेव आणि वाट पाहा. गोडवा रांजण खाऊन टाकतो. तो गेल्यावर तोंडात जे राहील, तेच आसवात राहील. तिने वाट पाहिली. गोडवा ओसरला आणि मागे काहीच राहिले नाही. फक्त हात आपोआप हंड्याकडे जाऊ लागला. तिने तो हात मांडीखाली दाबून धरला.

"नको," ती म्हणाली.

"हे मी पहिल्यांदा ऐकतो आहे," नाग म्हणाला, आणि त्याने वाट सोडली. काठावरच्या माणसांनी वरसुद्धा पाहिले नाही.

दुसरा मध उभ्या कड्यावर होता. आग्या माश्यांचे मोहोळ कपारीला उघडेच लटकत होते, त्यामुळे तिथे दार नव्हते आणि उंबराही नव्हता. सोयरा वेलींना धरून चढली. गुडघे सोलवटले. तिने धूर केला नाही, हात जोडले.

"पिवळ्या सोनकीचा मध आहे," आग्या माश्या एका आवाजात म्हणाल्या. "तू मागून घेतलास, म्हणून देतो. सगळा ने. उद्या आम्ही हा कडा सोडणार."

मध सुगंधी होता, आणि गोडवा गेल्यावर तोंडात सोनकीचे फूलही राहत होते. सोयराला वाटले, मिळाला! तिने पोळे उजेडात धरले. घरांवर मेणाची झाकणे नव्हती. बोटावरून मध पाण्यासारखा ओघळला.

"हा पिकला नाही. रांजणात आंबट होईल. किती दिवस लागतील?"

"बारा. पण आम्ही उद्या निघू."

ती पोळे परत कपारीला टेकवून खाली उतरली. राघूच्या जिवाची तगमग झाली.

"बाई, हातातोंडाशी आलेला मध सोडलास!"

"घाईने एकदा वाटोळे केले आहे," सोयरा म्हणाली, आणि तिने घराची वाट धरली.

भादवा लागला, आणि डोंगर निळे झाले. कारवी आठव्या वर्षी एकदाच फुलते. मागची फुलली होती ती गजराच्या लग्नाच्या साली. राघू सोयराला डोंगरावर एका जुन्या ऐनाच्या झाडापाशी घेऊन गेला. खोडात ढोली होती, आणि ढोलीत सातेरी माश्यांचे मोहोळ. सोयराने हात आत घालू पाहिला, तो ढोलीच्या तोंडाशी अडला.

"हे आमचे घर आहे," माश्या म्हणाल्या. "परक्याचा हात इथे येत नाही. आम्ही मध बाहेर टाकू शकतो. पण आधी सांग, कोणाच्या चुकीने आमच्या राणीला दुसरे घर थाटता येईना?"

सोयरा ढोलीसमोर मातीत बसली. राघू दूर फांदीवर पाठ करून बसला होता. माश्यांकडे पाहिले की त्याच्या चोचीला पाणी सुटे.

"माझ्या," ती म्हणाली. "पोर सासरी गेली. घर खायला उठलं. रांजण बोलायचा. तो गप्प होऊ नये म्हणून मी त्याला मध घालत राहिले. मला माहीत होतं. रोज माहीत असायचं आणि रोज घालायची. मला एकटीला राहता आलं नाही, म्हणून सगळ्या राज्याला मी एकटं केलं."

सात वर्षांत हे ती पहिल्यांदा मोठ्याने बोलली होती, आणि तेही माश्यांपाशी. ऐकायला माणूस नव्हते, याचे तिला वाईट वाटले, आणि बरेही वाटले.

ढोलीतून एक पोळे घरंगळून तिच्या ओटीत पडले, मग दुसरे, मग तिसरे. घरांवर पांढरी मेणाची झाकणे घट्ट बसली होती. मध काळपट आणि दाट होता. तिने बोटभर जिभेवर ठेवला आणि वाट पाहिली. गोडवा गेला. मागे भिजल्या डोंगराचा वास राहिला, आणि घशाशी एक बारीक कडवटपणा. तो कितीतरी वेळ गेला नाही.

"हाच," सोयरा म्हणाली.

घरी येऊन तिने रांजण घासला, उन्हात वाळवला, आत धूर दिला. पाणी उकळून गार केले. मधाला मात्र आच लागू दिली नाही. एक भाग मध, तीन भाग पाणी. वर धायटीची सुकी फुले सोडली. तोंडाला फडके बांधले, झाकण घट्ट लावले नाही, आणि ऊब मिळावी म्हणून रांजण भाताच्या तुसात अर्धा पुरला. एक लोटा मध उरला. तो तिने फडताळात ठेवला.

तिसऱ्या दिवशी रांजण बोलला.

"बुडुक."

सोयरा चुलीपुढून उठली, हात पुसत त्याच्यापाशी येऊन बसली. तिला हसू आले आणि रडूही आले. मग दोघांच्या गप्पा पुन्हा सुरू झाल्या. गजराला पाचवा सरून सहावा लागला, ओकाऱ्या थांबल्या, पाय सुजतात, जावई हिरव्या चिंचा आणून देतो. सगळे ती रांजणाला सांगे आणि रांजण ऐकून घेई.

दसरा झाला, आणि एका दुपारी रांजणाचे उत्तर उशिरा आले. दुसऱ्या दिवशी आणखी उशिरा. संध्याकाळी सोयरा भात शिजवत होती. तिने विचारले, "मीठ घातलं का मी?" आणि उत्तर आले नाही. ती फडताळापाशी केव्हा गेली, तिचे तिला कळले नाही. लोटा हातात होता, पळी लोट्यात होती, आणि दुसरा हात रांजणाच्या फडक्याची गाठ सोडत होता.

एक पळीच तर. एवढ्याने काय होणार आहे?

दारातल्या काटकीवर राघू बसला होता. सोयराने त्याच्याकडे पाहिले, मग गाठीकडे पाहिले. तिने गाठ पुन्हा आवळली, लोटा उचलला, तशीच नदी उतरली आणि गजराच्या अंगणात जाऊन लोटा तिच्या उंबऱ्यावर ठेवला.

"हे घे. माझ्या घरात ठेवायला नको."

गजराने बोटभर चाटून पाहिला. "आई, शेवटी कडू लागतोय."

"लागू दे. तेच राहणार आहे."

ती घरी परतली तेव्हा रांजण एकदा बोलला, अगदी हळू. त्यानंतर पुन्हा बोलला नाही.

ते घर गप्प झाले. चूल विझल्यावर राखेचा आवाजही येत नव्हता. सोयरा रांजणाला पाठ टेकून बसली आणि खूप रडली. कोणी विचारणार नव्हते, म्हणून तिने घाईही केली नाही. सकाळी उठली, एकच भाकरी केली, खाल्ली. असे तिने बावीस दिवस काढले. त्यातला एकही सोपा नव्हता. रांजणातला गाळ खाली बसला, आणि वरचे आसव निवळून सोन्यासारखे झाले.

पौर्णिमेला भर दुपारी धूमकेश अंगणात उभा राहिला. सोयराने उंबऱ्याच्या आतून पेला पुढे केला. त्याने घोट घेतला, डोळे मिटले आणि वाट पाहिली. सोयराही वाट पाहत राहिली. गजराचा सातवा महिना लागला होता, आणि सगळे त्या एका घोटात अडकले होते.

"गोडवा गेला," धूमकेश म्हणाला.

"हो महाराज. जाऊ दिला."

"डोंगर राहिला आहे. कारवी राहिली आहे." त्याने पेल्यात पाहिले. "आणि एकटी बाई राहिली आहे."

"तीही खरीच आहे."

धूमकेश पेला निपटून प्यायला. मग अनोळखी पाहुणा विचारतो तसे त्याने विचारले, "आत येऊ का?"

"या," सोयरा म्हणाली.

त्याने पाय उचलला, आणि तो सोयराच्या सारवलेल्या जमिनीवर टेकला.

त्याच क्षणी राजवाड्यात राणीचा उजवा पाय मापाला लागला आणि सात वर्षे अडलेले माप लवंडून तांदूळ घरभर पसरले. राजा सारीपाट टाकून उठला. मातीच्या दरडीत राघूची कारभारीण बिळात शिरली आणि आतल्या पसाऱ्यावरून लागलीच बोलू लागली. विहिरीच्या काठावरची माणसे बोटे पुसून आपापल्या घरी गेली. गावोगाव लोक एकमेकांच्या घरांत शिरले, आणि काहीच काम नसताना संध्याकाळपर्यंत बसून राहिले. चोरांनी दोर खाली ठेवले, आणि लोकांनी गंजलेल्या कुलपांना तेल घातले.

धूमकेश दोन भाकऱ्या जेवला आणि गेला. कोणाच्या घरात बसून जेवून त्यालाही बरीच वर्षे झाली होती, असे जाताना म्हणाला.

सूर्य कलताना गजरा आली. जावयाच्या आधाराने ती उंबऱ्यापर्यंत आली आणि घाबरून थांबली. सोयराने हात पुढे केला. गजराने डोळे मिटून पाय टाकला, आणि तो आत पडला. मग मायलेकी कितीतरी वेळ एकमेकींना सोडीनात.

माघात गजराला मुलगी झाली. सुईण पायाशी होती आणि आई उशाशी. घरभर रडे, अंगाईचे सूर, धुरी, बाळंतशोपेचा वास, शेजारणींची वर्दळ. सव्वा महिना सोयराला क्षणाची उसंत नव्हती. कोपऱ्यातला रिकामा रांजण कोणाच्या लक्षातही नव्हता.

मग जावई गाडी घेऊन आला. गजरा बाळाला छातीशी धरून दारात थांबली. आईच्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाली, "आई, आणखी आठ दिवस राहू का?"

आठ दिवस, मग आणखी आठ. सोयराच्या हाताला पळी लागल्यासारखे झाले. तिने नातीच्या टाळूवर हात ठेवला, आणि तो उचलून घेतला.

"नको गं. तुझं घर वाट बघतंय. जा, आणि मन झालं की ये. दार उघडंच आहे."

गाडीची घुंगरे नदीपर्यंत ऐकू आली, मग ऐकू येईनाशी झाली. सोयरा आत आली. घर गप्प होते. तिने रांजण घासून उन्हात पालथा घातला, एका भाकरीचे पीठ मळले, आणि थोडा वेळ थांबून आणखी एकीचे घेतले, कारण आता कोणीही केव्हाही येऊ शकत होते.

ज्यांना सोडावे लागले त्यांचा जसा उंबरा मोकळा झाला, तसा तुमचाआमचा होवो, आणि ज्या घरात आज कोणीच नाही, तिथे उद्या दारातून कोणीतरी विचारो, "आत येऊ का?"